बिडकीनच्या प्रोग्रॅममधली एक ओळ

नसीम, तू गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मला तुझ्यासाठी फोन आला. बिडकीनच्या दवाखान्यातून कांताबाई बोलत होत्या, तिथल्या जुन्या सिस्टर. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. तुझा फोन लागेना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा दुसरा नंबर लावला होता. तो माझा. अडीच वर्षांपूर्वीच तो तिथून काढायला हवा होता. तू काढला नव्हतास.

"नसीम मॅडमला पाठवा," त्या म्हणाल्या. "पेशंट गायब हायेत."

मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मागं बाहेरच्या बाकांवरचा गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग आता कोन येनार?" त्यात कोरडेपणा नव्हता. त्यांच्यासमोर माणसं बसली होती आणि समोरच्या पडद्यावर त्या माणसांची नावंच नव्हती. मी येते म्हणाले. फोन ठेवल्यावर मला कळेना, मी असं का म्हणाले. त्या प्रोग्रॅमला मी इतक्या दिवसांत हातही लावलेला नव्हता. त्या दिवशी मी रजा घेतली होती ती घरात बसून तुझ्यासाठी रडायला, आणि सकाळपासून रडू येत नव्हतं. कदाचित म्हणूनच निघाले असेन.

आता सगळे मला विचारतात, नसीम तुझी कोण होती. मैत्रीण म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. पण आपण मैत्रिणींसारख्या वागलो तरी कधी? पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं एका बाकावर बसलो, त्यानंतर क्रांती चौकाजवळ चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत समोरासमोरच्या दोन टेबलांवर वीस वर्षं. एवढ्या काळात आपण साड्यांवर बोललो नाही, सासरबद्दल फार बोललो नाही, सिनेमाला एकदाच गेलो आणि तोही तू झोपून काढलास. आपण भांडलो मात्र रोज. आणि ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भांडलो ती गोष्ट इतकी बारीक की सांगायला लागलं की माणसं माझ्याकडे बघतच राहतात.

तुला हे सांगायला नको, पण दुसरं कुणी वाचेल त्यांच्यासाठी लिहिते. आपण लहान लहान ठिकाणांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. दवाखाने, वाचनालयं, एखाद्या कारखान्याचं स्टोअर. प्रोग्रॅम वेगळा असतो आणि त्याची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते. ती फाइल कुठं आहे हे प्रोग्रॅमला एका ओळीत सांगावं लागतं. तिला आम्ही कनेक्शन स्ट्रिंग म्हणतो. एवढीच ती ओळ. ती चुकली तर बाकीच्या हजारो ओळी फुकट.

तू ती ओळ पूर्ण पत्ता टाकून लिहायचीस. अमुक ड्राइव्ह, त्यात अमुक फोल्डर, त्यात तमुक फोल्डर, त्यात ही फाइल. मी म्हणायचे, अगं, प्रत्येक ठिकाणचा कॉम्प्युटर वेगळा, प्रत्येक वेळी पत्ता बदलत बसतेस. नुसतं फाइलचं नाव लिही, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या शेजारीच शोधेल. कॉम्प्युटर बदलला, फोल्डर हलवलं, तरी दोघं बरोबर राहतील. तू चहाचा कप खाली ठेवून म्हणायचीस, "शेजारी म्हणजे कुठं? कुणाच्या शेजारी?" तुझं म्हणणं असायचं की रोशन गेटच्या तुझ्या घरी पत्र यायचं तर त्याच्यावर गल्ली, घर नंबर, सगळं पाहिजे. "मस्जिदच्या बाजूला एवढंच लिहिलं तर डाकिया कुणाच्याही हातात देऊन जाईल," असं तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे की घर बदललं तर तुझं पत्र जुन्या घरी जाईल त्याचं काय.

शहराचं नाव बदललं तेव्हा मला वाटलं, झालं, मी जिंकले. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर तू फोल्डरला औरंगाबाद शाखा असं नाव दिलं होतंस. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी पाट्या बदलल्या, शिक्के बदलले आणि त्या भरात फोल्डरचंही नाव बदललं. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम बंद. आपण दोघी गेलो, तू मुकाट्यानं ओळ दुरुस्त केलीस. परत येताना रिक्षात मी तुला बोलून बोलून छळलं. तू बाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, बंद पडला ते बरंच झालं ना, पत्ता बदलला हे कळलं तरी. कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं, तर प्रोग्रॅमनं सांगितलं. मला तेव्हा ते हरलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. मी हसले होते. तू हसली नव्हतीस, हे मात्र आज आठवतं.

मग अडीच वर्षांपूर्वी मी शेंद्र्याला कंपनीत नोकरी धरली. त्यावरही आपण नीट बोललो नाही. मुलीचं शिक्षण, सासऱ्यांचं आजारपण, घरी ठरावीक पगार यायला हवा होता, हे सगळं मी तुला सांगत होते आणि तू मान हलवत होतीस. जा, हौ, जा, म्हणालीस. माझं टेबल तू हलवलं नाहीस. अकरा ठिकाणची कामं एकटीनं सांभाळलीस. तुला वाईट वाटलं का, राग आला का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती. आता भीती गेली आहे आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

बिडकीनला पोचले तेव्हा अकरा वाजले होते. दवाखाना खचाखच. डॉक्टर मला बघून उठले, तुझ्याबद्दल ऐकलं म्हणाले, हात जोडले, आणि मग दार लोटून घेतलं. ते रागावलेले होते आणि तुझ्यामुळे त्यांना ते दाखवता येत नव्हतं. त्यांनी जे सांगितलं ते असं. गेले पंधरा दिवस प्रोग्रॅम विचित्र वागत होता. एके दिवशी सगळे पेशंट दिसायचे, दुसऱ्या दिवशी पाच-दहाच. कांताबाईंना वाटलं, आपलेच डोळे गेले. संध्याकाळी भरलेली माहिती सकाळी नसायची, आणि परवा नसलेली आज असायची.

आणि आदल्या दिवशी जवळच्या वस्तीवरची एक म्हातारी तापानं फणफणलेली आली. पेनिसिलीन तिला चालत नाही. तिचं नाव उघडलं की पडद्यावर वर लाल पट्टी यायची, ती तूच करून दिली होतीस, मला आठवतं, पट्टीचा लाल रंग पुरेसा लाल नाही म्हणून तू दोन दिवस घालवले होतेस. त्या दिवशी तिचं नावच सापडलं नाही. कांताबाईंनी नवी पेशंट म्हणून नाव टाकलं. पट्टी आली नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. सुई भरून झाली होती. तेवढ्यात म्हातारीच्या सुनेनं विचारलं, की मागं जी सुई दिल्यावर आत्याबाईंचं तोंड सुजलं होतं, ती ही नव्हं ना.

"ती बोलली नसती तर माझ्या हातून माणूस गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मॅडम, मी त्या पट्टीवर विसंबून होतो."

मी माफी मागायची तर कुणाच्या वतीनं? मी तुझी कुणी कायद्यानं भागीदार राहिले नव्हते. तू तर आता माफीच्या पलीकडे होतीस. मी एवढंच म्हणाले की मला बघू द्या.

कांताबाई माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती तेव्हा मी बाजूला सारली. त्या म्हणाल्या, "म्या मॅडमला दोनदा फोन केला व्हता. पयल्यांदा म्हनल्या उद्या येते. नाय आल्या. दुसऱ्यांदा केला तं म्हनल्या, कोन बिडकीन? म्या म्हनलं, अवो मॅडम, दवाखाना. तं गप झाल्या. मग म्हनल्या हां हां." मी म्हणाले, कामात असेल. तू अकरा ठिकाणं सांभाळत होतीस, एका वेळी दहा गोष्टी डोक्यात असायच्या. मी मनाशी हेच म्हटलं आणि प्रोग्रॅम उघडला.

ती ओळ शोधायला मला फार वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं तू ती एकाच जागी लिहीत आलीस. मला डी ड्राइव्हपासून सुरू होणारा तो लांबलचक पत्ता दिसेल असं वाटलं होतं, तो कुणीतरी बदलला असेल, फोल्डर हलवलं असेल. पण तिथं पत्ता नव्हता. नुसतं फाइलचं नाव होतं. माझी पद्धत. आणि वर तू एक टीप लिहिली होतीस, नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत मराठी: "सु म्हणते तसं केलं. का ते तिला विचारायचं."

सु म्हणजे मी. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

मी ती टीप किती वेळा वाचली माहीत नाही. कांताबाईंनी पाणी आणून ठेवलं होतं, ते मी प्यायले, एवढं आठवतं. मला आधी आनंदच झाला, नसीम. चार दिवसांपूर्वी तुला मातीत ठेवून आलेले होते, तिथं एक म्हातारी मरता मरता वाचली होती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं तर, अखेर तिनं मान्य केलं. त्याची लाज पुढच्याच मिनिटाला वाटली, पण आधी आनंद झाला हे खरं.

मग काय झालं असेल ते कळायला तास गेला. तू ओळ बदललीस तेव्हा सगळं नीट चाललं, कारण कांताबाई पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारून प्रोग्रॅम उघडायच्या, आणि तसा उघडला की तो स्वतःच्याच फोल्डरमध्ये बघायचा. पंधरा दिवसांपूर्वी बॅटरी बदलायला आलेल्या मेकॅनिकला डॉक्टरांनी सांगितलं, की कॉम्प्युटर चालू झाला की प्रोग्रॅम आपोआप उघडू दे. त्यानं तशी सोय केली. त्याची चूक नाही. पण आपोआप उघडला की प्रोग्रॅम स्वतःच्या शेजारी बघत नव्हता. ज्या जागेवरून त्याला हाक मारली गेली तिथला शेजार तो आपला धरत होता, आणि ती जागा विंडोजच्या पोटातलं एक भलतंच फोल्डर होतं. तिथं फाइल नव्हती. आणि आपण वापरतो ती प्रणाली अशी की फाइल नसली तर तक्रार करत नाही, नवी कोरी फाइल बनवते आणि कामाला लागते. म्हणून कधी जुनी फाइल, कधी नवी. सकाळी आपोआप उघडला तर पाच पेशंट, मधे तो बंद करून कांताबाईंनी स्वतः उघडला तर सहा हजार.

कुणाच्या शेजारी, असं तू वीस वर्षं विचारत होतीस.

आणि मला हे माहीत होतं. हे मी अजून कुठं बोललेले नाही, घरीही नाही. नुसतं नाव लिहायचं असेल तर आधी प्रोग्रॅमला त्याची स्वतःची जागा विचारायची आणि ती त्या नावाच्या पुढं जोडायची, ही एक जास्तीची पायरी असते. कंपनीत मी ती रोज करते. इतक्या सवयीनं करते की ती वेगळी पायरी आहे हेच विसरते. दोन महिन्यांपूर्वी तुझा फोन आला होता. मी कँटीनमध्ये होते. तू म्हणालीस, "सु, तुझी ती शेजारवाली पद्धत सांग बरं पुन्हा." मी म्हणाले, काय गं, सूर्य कुठून उगवला आज. तू हसलीस. मी सांगितलं, काय नाही, पत्ता काढून टाक, नुसतं नाव ठेव. बस. तू विचारलंस, बस? मी म्हणाले, बस. मग मीटिंगला बोलावलं म्हणून मी फोन ठेवला. ती पायरी मी सांगितली नाही. घाईत राहिली की जिंकल्याच्या भरात, मला आता ठरवता येत नाही. आणि तू का विचारते आहेस, हे मी विचारलंच नाही. वीस वर्षं हटून बसलेलं माणूस एका दुपारी फोन करून शरण येतं, आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस मी बिडकीनला जाऊन बसले. दोन्ही फाइली समोरासमोर उघडून एकेक नोंद जुळवली. काही माणसं दोन्हीकडे होती, वेगवेगळ्या वयांनी. कांताबाई केसपेपरचा गठ्ठा मांडीवर घेऊन वाचायच्या आणि मी भरायचे. कोण खरं, कोण दोनदा आलेलं, ते त्यांना चेहऱ्यावरून आठवायचं. "ही नव्हं, ही तिची जाऊ. तिला साखर हाय, हिला नाय." मधेच त्या म्हणाल्या, नसीम मॅडम आल्या की आधी माझ्या गुडघ्याचं विचारायच्या, मग कॉम्प्युटरचं. हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर तू कधी कुणाच्या गुडघ्याचं विचारलेलं मला आठवत नाही.

उरलेल्या दहा ठिकाणी तू ओळ बदललीस का, हे बघायला हवं होतं. त्यासाठी तुझा लॅपटॉप हवा होता. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी मी तुझ्या घरी गेले. तुझ्या नवऱ्यानं, रफीकभाईंनी, घड्याळांचं दुकान अजून उघडलं नव्हतं. त्यांनी मला बसवलं, स्वतः चहा केला, साखर विसरले, परत आत जाऊन घेऊन आले. मी त्यांना बिडकीनचं सगळं सांगितलं. म्हातारीचंही. लपवावं असं वाटलं होतं, पण त्यांच्यासमोर लपवता आलं नाही.

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग उठून तुझी एक वही आणली. जाड, निळ्या पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी एक पान होतं. वाचनालय, दवाखाना, स्टोअर. प्रत्येक पानावर तो पूर्ण पत्ता, तुझ्या अक्षरात. सुरुवातीच्या पानांवर एकदा लिहिलेला. पुढच्या पानांवर तोच तोच, दोनदा, चारदा. बिडकीनच्या पानावर मी मोजलं नाही, पण पान भरलं होतं. शेवटच्या काही वेळी मधलं एक फोल्डर गळलं होतं, आणि मग सगळं खोडलेलं.

"सात-आठ महिन्यांपासून विसरत होती," रफीकभाई म्हणाले. "पहिले मीठ दोनदा टाकायची. मग एक दिवस क्रांती चौकातून फोन आला तिचा. बोली, रफीक, घरी कुठून जायचं."

ज्या चौकात आपण वीस वर्षं रोज उतरलो त्या चौकात तू उभी होतीस आणि तुला रस्ता कळत नव्हता. रफीकभाई स्कूटर घेऊन गेले तर तू ऑफिसच्या जिन्याखाली चष्मेवाल्यांच्या स्टुलावर बसलेली होतीस, आणि काही झालंच नाही अशी बोललीस. डोक्याची तपासणी करायला सांगितली होती. तू आज-उद्या करत राहिलीस. शेवटी झाली, आणि रिपोर्ट यायच्या आधी तू स्वयंपाकघरात पडलीस, ती परत उठली नाहीस.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. माझा आवाज चढला होता, तुझ्या घरात, तुझ्या नवऱ्यासमोर.

"मी म्हणत होतो सांग," ते म्हणाले. "ती बोली, सुनंदाको नक्को बोलो. ती नोकरी सोडून येईल."

नसीम, मी आले असते का? तुला खात्री होती. मला नाही. मी त्या खुर्चीत बसून खरंच विचार केला, की तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं. रविवारी आले असते. फोन केले असते. नोकरी सोडली असती असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तू माझ्याबद्दल जे धरून चालली होतीस ते माझ्यात आहे की नाही, हे मला आता कधी कळणार नाही.

निघताना मी रफीकभाईंना तेवढं एकच विचारलं. तिनं ती पद्धत का बदलली? पत्ते लक्षात राहत नव्हते म्हणून? की मी म्हणत होते ते पटलं म्हणून? ते दारात उभे होते. त्यांना त्या ओळींतलं काही कळत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, त्या दिवशी माझ्याशी बोलून फोन ठेवलास तेव्हा तू हसत होतीस. बऱ्याच दिवसांनी हसली होतीस म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं.

"मी विचारलं क्या हुआ," ते म्हणाले. "बोली, कुछ नाही. सुनंदा लई खूश झाली."

घरी येईपर्यंत मी हे वाक्य उलटंसुलटं करत राहिले. म्हणजे तू मला खूश करायला विचारलंस? की मी खूश झाले, हा नुसता योगायोग, आणि खरं कारण ती वही? की खरंच तुला पटलं होतं, आणि विसरण्याचा याच्याशी काही संबंध नाही? तुझी टीप पुन्हा वाचली तर तीही तिन्ही बाजूंनी वाचता येते. "का ते तिला विचारायचं." हे तू माझ्यासाठी लिहिलंस, की स्वतःसाठी, उद्या विसरशील म्हणून? मी एक ठरवते आणि दोन दिवसांनी ते मोडतं. दुसरं ठरवते, तेही टिकत नाही. तू असतीस तर एका वाक्यात मोकळं केलं असतंस, आणि त्या वाक्यावर आपण महिनाभर भांडलो असतो.

बाकीच्या दहा ठिकाणी तू काही बदललेलं नव्हतंस. तिथं अजून तुझे पूर्ण पत्ते आहेत. एकट्या बिडकीनलाच का, हे आणखी एक मला न कळलेलं.

बिडकीनची ओळ मी नव्यानं लिहिली. त्यात प्रोग्रॅम आधी आपली स्वतःची जागा विचारतो आणि तिथून फाइलचा पूर्ण पत्ता तयार करतो. आणि तिथं फाइल नसेल तर नवी बनवत नाही. थांबतो. पडद्यावर काय लिहायचं हे मी कांताबाईंना विचारलं, कारण इंग्रजी सूचना आली की त्या ती न वाचता बंद करतात. त्या म्हणाल्या, सरळ लिवा. म्हणून तिथं असं लिहिलं आहे: फाइल सापडली नाही. नवीन केलेली नाही. कृपया फोन करा. खाली माझा नंबर.

गेल्या आठवड्यात ती सूचना पहिल्यांदा आली. कुणीतरी कॉम्प्युटरची साफसफाई करताना ती फाइल उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली होती. कांताबाईंचा फोन आला, आवाजात घाबरेपणा नव्हता. सापडली नाय म्हनतंय, एवढंच त्या म्हणाल्या. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. बाहेर बाकांवर गर्दी होती, डॉक्टर केसपेपरवर काम करत होते आणि प्रत्येकाला तोंडानं विचारत होते, कुठलं औषध सोसत नाही का. कुणाला काही झालेलं नव्हतं. मी फाइल जागेवर ठेवली, सगळी नावं परत आली. म्हातारीचं नाव मी मुद्दाम उघडून बघितलं. पट्टी होती.

जाताना डॉक्टर बाहेरपर्यंत आले. या वेळी प्रोग्रॅम थांबला आणि सांगून थांबला, हे चांगलं केलंत, म्हणाले. मग विचारलं, ही सोय नसीम मॅडमनी करून ठेवली होती की तुम्ही केली?

मी म्हणाले, दोघींनी. हे खरं आहे का, नसीम, ते मला अजून सांगता येत नाही.